‘लीव्ह’ आणि त्याचे सगेसोयरे

मराठीतील ‘सोडणे’ हे क्रियापद मोठे कामसू आहे. आपण गाय सोडतो, गाठ सोडतो, उपास सोडतो, उसाला पाणी सोडतो, तंबाखू सोडतो, गाव सोडतो आणि अपराध्यासही सोडतो. इंग्रजी लिहिताना कित्येक विद्यार्थी ह्या सर्व ठिकाणी ‘लीव्ह’ हा एकच शब्द ठेवून मोकळे होतात. काही शब्दकोश उघडून समानार्थी शब्दांपैकी जो भारदस्त दिसेल तो उचलतात. पहिल्या प्रकारात वाक्य हास्यास्पद होते. दुसऱ्या प्रकारात एखाद्या निरपराध मनुष्यावर आळ येतो.

वरच्या वर्गातील एका मुलाने निबंधात लिहिले, ‘माय फादर डेझर्टेड अस अँड वेंट टू मुंबई.’ वडील आम्हांस गावी ठेवून नोकरीसाठी मुंबईस गेले, एवढेच त्याला सांगावयाचे होते. लिहिले मात्र असे की, वडिलांनी आम्हांस वाऱ्यावर टाकले! जो गृहस्थ तिकडे एका खोलीत दहा जणांबरोबर राहून दरमहा घरी पैसे धाडतो, त्याने हे वाचले असते तर त्यास काय वाटले असते? व्याकरणाच्या दृष्टीने त्या वाक्यात एकही चूक नव्हती.

म्हणून प्रथम ‘लीव्ह’चे मूळ पाहू. जुन्या इंग्रजीत ह्या धातूचा अर्थ ‘मागे राहू देणे’ असा होता. आपले ‘सोडणे’ गाठ उकलण्याकडे पाहते. इंग्रजांचे ‘लीव्ह’ मागे काय उरले त्याकडे पाहते. मृत मनुष्याविषयी ‘ही लेफ्ट टू सन्स’ म्हणतात, ते त्याने मुलांस टाकले म्हणून नव्हे. त्याच्यामागे दोन मुलगे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. हे ध्यानात आले की पुष्कळ घोटाळे आपोआप मिटतात. उपास सोडताना मागे काही उरत नाही, म्हणून तेथे ‘लीव्ह’ चालत नाही. इंग्रज उपास ‘मोडतो’, ‘ब्रेक’ करतो. (रजा ह्या अर्थाचे ‘लीव्ह’ हे नाम मुळात निराळ्याच शब्दापासून आले असून त्याचा अर्थ परवानगी.)

‘डेझर्ट’ ह्या शब्दाचे मर्म समजून घेण्यास आपणांस दूर जावयास नको. नेसरीची खिंड आपल्या उशाशी आहे. १६७३ साली उमराणीच्या लढाईत सरनोबत प्रतापराव गुजरांनी बहलोलखानास कोंडीत पकडले आणि तो शरण येताच सोडून दिले. हे ‘सोडणे’ म्हणजे ‘लेट गो’. ‘ही लेफ्ट द खान’ असे लिहिले, तर प्रतापरावच खानापासून निघून गेले असा अर्थ होईल! शिवाजी महाराजांचा ठपका त्यांच्या जिव्हारी लागला. आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजी, खान पुन्हा ह्या मुलुखात आला असता, ते आपले सैन्य मागे ठेवून अवघ्या सहा स्वारांनिशी त्याच्यावर तुटून पडले व सातही जण धारातीर्थी पडले, असे सांगतात. आता, सेनापतीने सैन्य सोडले, ह्यास ‘डेझर्ट’ म्हणावे काय? मुळीच नाही. जेथे उभे राहणे आपले कर्तव्य, ती जागा सोडून स्वतःचा बचाव करणारा तो ‘डेझर्टर’. त्याचे तोंड शत्रूच्या उलट दिशेस असते. प्रतापरावांचे कृत्य अविचाराचे होते की नव्हते, ह्यावर वाद घालावा. मजपुरते म्हणाल तर ते अविचाराचेच वाटते. परंतु क्रियापद ‘लेफ्ट बिहाइंड’ हेच योजावे. ज्यांच्या घरी कोणी पलटणीत आहे, त्यांस हा भेद अधिक सांगावयास नको.

‘अबँडन’ म्हणजे पुन्हा न वळण्याच्या निश्चयाने टाकून देणे. बुडते जहाज, अर्धवट राहिलेली विहीर, आशा, ही सर्व ‘अबँडन’ होतात. ‘फर्सेक’मध्ये माया आहे. जे प्रिय असते, किंवा ज्याचा आपल्यावर भरवसा असतो, ते सोडणे म्हणजे ‘फर्सेक’. १६११ च्या इंग्रजी बायबलात वधस्तंभावरील प्रभूच्या आक्रोशात हाच शब्द आहे; मासे धरणाऱ्या शिष्यांनी सर्व सोडून त्याला अनुसरले, तेथेही हाच. एके ठिकाणी काळीज फाटते, दुसऱ्या ठिकाणी मन मोठे होते, आणि क्रियापद तेच राहते. मराठीत आपण ‘त्याग’ म्हणतो. परंतु तो शब्द ऐकताच आपणांस बहुधा गौरवच आठवतो, दुःख आठवत नाही.

‘क्विट’विषयी थोडेच सांगतो. घरमालक भाडेकरूस जागा खाली करण्याची जी सूचना देतो, तिला इंग्रजी कायद्यात ‘नोटिस टू क्विट’ म्हणतात. १९४२ च्या ऑगस्टात मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘क्विट इंडिया’ची घोषणा झाली, तिचा डंख ह्यावरून कळेल. आपल्या ‘चले जाव’मध्ये संताप आहे, पण ही घरमालकी नाही.

शेवटी एका लहानशा शब्दयोगीकडे लक्ष द्यावे. ‘ही लेफ्ट मुंबई’ म्हणजे तो मुंबईहून निघाला. ‘ही लेफ्ट फॉर मुंबई’ म्हणजे तो मुंबईस जाण्यास निघाला. एका ‘फॉर’ने एस. टी.चे तोंड फिरते.

सुटीत पुढील वाक्यांचे इंग्रजी करून पाहावे. दादाने शाळा सोडली. पोलिसांनी त्यास सोडले. आजीने मला घरी सोडले. १९८२ च्या गिरणी संपानंतर कित्येक कामगार मुंबई सोडून गावी परतले. ह्या शेवटच्या वाक्याचे क्रियापद ठरविण्यापूर्वी, घरात किंवा शेजारी त्या वेळचे कोणी असल्यास, त्यांस विचारून घ्यावे.