शुद्धीवर येईपर्यंत
(द्वितीय वर्ष, कला)

शस्त्रक्रिया म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर हिरवा झगा घातलेला सर्जन उभा राहतो. डोक्यावर प्रखर दिवा, दाराबाहेर ताटकळलेले नातेवाईक. डॉक्टरांनी बाहेर येऊन 'काळजीचे कारण नाही' असे सांगितले की आपल्या मनातले चित्र तिथे संपते. प्रत्यक्षात रुग्ण त्या वेळी बहुधा बेशुद्धच असतो. तो नीट श्वास घेईल ना, टाक्यांतून रक्त वाहणार नाही ना, हे अजून ठरायचे असते. ते ठरेपर्यंत जी परिचारिका त्याच्या उशाशी उभी असते तिच्याविषयी, आणि विशेषतः स्वतःची रजा खर्ची घालून परदेशी हे काम करायला जाणाऱ्या परिचारिकांविषयी, प्रस्तुत लेखात लिहावयाचे आहे.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी माझ्याआधी कोणी चढलेले नाही. वैद्यकातले काही सांगण्याचा माझा अधिकार नाही, हे आधीच कबूल करते. या विषयाकडे मी वळले ती माझ्या मामेभावामुळे. त्याची हकीकत पुढे येईलच.

रुग्णाला शुद्धीवर येईपर्यंत वेगळ्या खोलीत ठेवण्याची पद्धत तशी जुनी आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६३ साली रुग्णालयांवरील आपल्या पुस्तकात शस्त्रक्रियागृहाला लागून असलेल्या अशा लहान खोलीचा उल्लेख केला आहे. मात्र अशा खोल्या सर्रास झाल्या त्या दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. आज मोठ्या रुग्णालयात तिला 'रिकव्हरी' म्हणतात. बाहेर बसणाऱ्या माणसांना तो शब्द ऐकू येतो, आत काय चालते ते कोणी सांगत नाही.

आता परदेशातील मोहिमेकडे वळू. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातले डॉ. विल्यम मॅगी आणि त्यांच्या पत्नी कॅथलीन हे १९८२ च्या सुमारास काही स्वयंसेवकांसह फिलिपाइन्समधील नागा या शहरी गेले. कॅथलीन स्वतः परिचारिका होत्या. दुभंगलेल्या ओठाची व टाळूची मुले तपासून शस्त्रक्रिया करायची, एवढाच बेत होता. मुले आली ती शेकड्यांनी. बहुतेकांना तसेच परत पाठवावे लागले. त्यातूनच 'ऑपरेशन स्माइल' ही संस्था उभी राहिली. पुढे अशा मोहिमा अनेक देशांत निघाल्या. पद्धत साधारण सारखीच असते. पहिले एक-दोन दिवस तपासणी, मग पाच-सहा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत शस्त्रक्रिया, आणि मग सामानाच्या पेट्या बांधून परत.

सुमारे सातशे जन्मांमागे एका बाळाला हा दोष असतो. गर्भातील सुरुवातीच्या आठवड्यांत ओठाच्या किंवा टाळूच्या दोन बाजू एकमेकींना मिळायच्या राहतात. (टाळू म्हणजे येथे तोंडातले छत, आपण तेल घालतो ती डोक्यावरची नव्हे.) आपल्याकडे याचा दोष ग्रहणाला देतात, गरोदर बाईने ग्रहणात काही चिरले, असे म्हणतात. मेक्सिकोतही हीच समजूत आहे, हे वाचून मला नवल वाटले. तिथल्या गरोदर बायका ग्रहणात अंगावर किल्ली किंवा पिन बाळगतात. दोन्हीकडे बोल लागतो तो आईलाच.

शस्त्रक्रियेसाठी मूल निवडताना जुना 'दहाचा नियम' पाहतात. ओठाची शस्त्रक्रिया करायची तर मूल किमान दहा आठवड्यांचे, दहा पौंड वजनाचे आणि दर शंभर मिलिलिटर रक्तात दहा ग्रॅम हिमोग्लोबिन असलेले हवे. टाळूची शस्त्रक्रिया साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करतात, कारण मूल पुरते बोलू लागण्यापूर्वी ती झालेली बरी. ही गोष्ट लक्षात ठेवावी, तिचे काम पुढे पडणार आहे.

शस्त्रक्रिया संपली की भूलतज्ज्ञ मुलाला स्वतः रिकव्हरीत आणतो. कोणती भूल दिली, किती रक्त गेले, कोणते औषध कधी दिले, हे तो परिचारिकेला तोंडी सांगतो आणि ती लिहून घेते. मूल कुशीवर निजवलेले असते, म्हणजे रक्त व लाळ घशात न उतरता बाहेर येते. टाळू शिवल्यावर घसा सुजतो आणि जीभ मागे पडण्याची भीती असते. म्हणून कधी कधी जिभेत एक टाका घालून त्याचा दोरा गालावर चिकटवून ठेवतात. श्वास अडला तर दोरा ओढून जीभ पुढे घ्यायची. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. पण त्या दोऱ्यावर मुलाचा जीव असतो. मूल पुरते सावध होईपर्यंत एका मुलाजवळ एक परिचारिका असा नियम असतो आणि त्या वेळात तिने दुसरीकडे जायचे नसते.

तिची मुख्य हत्यारे म्हणजे डोळे आणि कान. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आपल्याला कोरोनाच्या साथीत आशाताईंच्या हातात दिसले. त्यामागची कल्पना जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडली. रिकव्हरीतील मोठ्या यंत्रात नाडीच्या प्रत्येक ठोक्याला आवाज येतो आणि रक्तातला प्राणवायू उतरू लागला की तो आवाज खालच्या स्वरात जातो. मुलावरची नजर न हलवता परिचारिकेला कळते की काहीतरी बिघडते आहे. मला यातले सगळ्यात आवडले ते हेच.

मूल शुद्धीवर आले हे ठरवायला १९७० साली डॉ. आल्ड्रेटे यांनी गुणांची एक पद्धत दिली. हालचाल, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध आणि रंग या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण. नऊ किंवा दहा झाले की रुग्ण वॉर्डात जाऊ शकतो. म्हणजे येथेही परीक्षा आहेच, फक्त उत्तीर्ण होण्याची रेघ नव्वद टक्क्यांवर आहे! यातल्या 'रंग' या विषयाची एक अडचण होती. गुलाबी कातडी म्हणजे ठीक, असा तो हिशेब. आपल्यासारख्या सावळ्या माणसांत निळसरपणा कातडीवर चटकन दिसत नाही. जीभ, ओठांची आतली बाजू आणि नखे पाहावी लागतात. पुढे १९९५ साली रंगाऐवजी ऑक्सिमीटरचा आकडा धरण्यात आला.

मूल तळमळू लागले की नवख्या माणसाला वाटते, त्याला दुखते आहे. वेदनेचे औषध द्यावे. अनुभवी परिचारिका आधी श्वास पाहते. प्राणवायू कमी पडला तरी मूल असेच हातपाय झाडते, आणि त्या वेळी गुंगीचे औषध दिले तर श्वास आणखी मंदावतो. तसेच लाळेत थोडे रक्त असणे अपेक्षितच असते, पण झोपेतले मूल पुन्हा पुन्हा काही गिळते आहे असे दिसले तर आत रक्त वाहत असण्याची शक्यता असते. ते लगेच बॅटरीच्या उजेडात पाहायचे. घशाची नळी अचानक आवळली तर जबडा पुढे उचलून, मुखवटा घट्ट धरून प्राणवायू द्यायचा आणि भूलतज्ज्ञाला हाक मारायची. या गोष्टीला मिनिटांचा अवधी असतो. म्हणूनच मोहिमेला नवशिक्या परिचारिका घेत नाहीत. मुलांच्या जीवरक्षणाचे प्रशिक्षण आणि रिकव्हरीतील ताजा अनुभव मागतात.

परक्या देशात या सगळ्यात भर पडते. वीज जाते. म्हणून जनरेटर सुरू होईपर्यंत काय करायचे, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे लागते. प्राणवायूचे सिलिंडर मोजून वापरावे लागतात. आणि भाषा! नागा शहराची बोली बिकोल आहे. मनिलाची टागालोग शिकून गेलेल्या परिचारिकेला वेदनेसाठी 'मासाकित' हा शब्द ठाऊक असतो. पण बिकोलमध्ये वेदनेला 'कुलोग' म्हणतात, आणि टागालोगमध्ये 'कुलोग' म्हणजे ढगांचा गडगडाट. आईने 'कुलोग' म्हणून मुलाकडे बोट दाखवले आणि पाहुणी परिचारिका खिडकीबाहेर पाहू लागली, असे सहज होऊ शकेल. अर्थात लहान मूल कोणत्याच भाषेत सांगत नाही. त्यासाठी १९९७ पासून एक तक्ता वापरात आहे. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत पटणे या पाचांना गुण देऊन वेदना मोजायची. तरीही स्थानिक परिचारिका शेजारी असली तर काम सोपे होते. आईला ती 'बाळ का रडते' ते सांगते, तोंडात बोटे घालू नये म्हणून हाताला बांधलेल्या पट्ट्या कशासाठी ते सांगते, दूध कसे पाजायचे ते दाखवते.

येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. ज्या फिलिपाइन्समध्ये अमेरिकन परिचारिका सेवेसाठी जातात, तोच देश अमेरिकेला आणि आखाती देशांना हजारो परिचारिका पुरवतो. आपल्या केरळचेही तसेच. पाहुणीच्या त्यागाचे कौतुक करताना, तिथली परिचारिका तिथे का राहू शकत नाही, हाही प्रश्न विचारायला हवा.

अशा मोहिमांवर टीका होते ती मुख्यतः ही, की त्या निघून जातात. टाळूच्या टाक्यांत भोक राहिले तर ते दिवसांनी, कधी आठवड्यांनी लक्षात येते. तेव्हा पाहुणे आपापल्या घरी असतात. 'लॅन्सेट' या नियतकालिकाच्या आयोगाने २०१५ साली सांगितले की जगातील ५०० कोटी लोकांना सुरक्षित व परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही आणि दरवर्षी आणखी १४ कोटी ३० लाख शस्त्रक्रियांची गरज आहे. आठवड्याच्या फेऱ्यांनी हे भरून निघणारे नाही. १९९९ साली सुरू झालेल्या 'स्माइल ट्रेन' या संस्थेने म्हणूनच डॉक्टर पाठवण्याऐवजी त्या त्या देशातील डॉक्टरांना प्रशिक्षण व पैसा देण्याचा मार्ग धरला. खुद्द 'ऑपरेशन स्माइल'नेही २०११ मध्ये गुवाहाटीला कायमचे केंद्र काढले. तरीही मोहिमा फुकट, असे मी म्हणणार नाही. पंढरपुरात जन्मलेले डॉ. शरदकुमार दीक्षित अमेरिकेत स्थायिक झाले, पण १९६८ पासून भारतात येऊन मोफत प्लास्टिक सर्जरीची शिबिरे घेत राहिले. अपघाताने अपंगत्व आल्यावरही त्यांनी ती थांबवली नाहीत. त्यांच्या शिबिरांत ज्यांचे ओठ शिवले गेले त्यांना 'आधी व्यवस्था उभी राहू दे' असे कोण सांगणार होते? माझ्या मते प्रश्न येण्याचा नाही, सोपवण्याचा आहे. भूलतज्ज्ञ रिकव्हरीत मूल सोपवतो तेव्हा घेणारे माणूस समोर उभे असते. मोहीम निघताना मूल कोणाला सोपवते?

आता मामेभावाचे सांगते. तो आठ महिन्यांचा असताना जिल्ह्याच्या गावी एका मोफत शिबिरात त्याचा ओठ शिवला. मी तेव्हा आठ वर्षांची होते आणि मामीबरोबर बाहेर बाकावर बसले होते. दोन तास आम्हांला कोणी काही सांगितले नाही. मग एक सिस्टर बाहेर आल्या. मराठी त्यांना फारशी येत नव्हती. त्यांनी मामीचा हात धरून तिला आत नेले. बाळाचा नवा चेहरा पाहून मामी 'हे माझं नव्हे' म्हणाली, तेव्हा त्यांनी त्याच्या पायातला काळा दोरा तिला दाखवला. त्या रात्रभर त्या खाटेजवळ होत्या. त्यांचे नाव आम्ही विचारले नाही.

टाळू पुढच्या वर्षी करू, असे सांगून शिबिर गेले. पुढच्या वर्षी ते आले नाही. ओठ बरा दिसत होता म्हणून घरीही कोणी विषय काढला नाही. टाळूचे ऑपरेशन सरकारी बालआरोग्य कार्यक्रमातूनही होऊ शकते, हे आम्हांला ठाऊक नव्हते. मुलगा शाळेत जाऊ लागला तेव्हा त्याचे बोलणे नाकातून येते हे कळले. मास्तरांनी धडा वाचायला सांगितला की तो उभाच राहत नसे. अखेर सातवीत असताना शाळेच्या आरोग्य तपासणीत एका डॉक्टरीणबाईंनी त्याचे तोंड उघडून पाहिले.

गेल्या मे महिन्यात त्याची टाळू शिवली. मीही गेले होते. आत बोलावले तेव्हा तो कुशीवर निजला होता आणि यंत्राचा आवाज वरच्या स्वरात चालू होता. मी तो मुद्दाम ऐकत उभी राहिले. उशीर झाल्यामुळे नुसत्या शस्त्रक्रियेने बोलणे सुधारणार नाही, वाचा-उपचार बराच काळ करावे लागतील, असे सांगितले आहे. नाकाखाली आरसा धरून तो 'पापा', 'बाबा' म्हणतो. नाकातून वारा आला की आरसा धुरकटतो. दर पंधरवड्याला जायचे असते. तारखांचा कागद मामीने रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला आहे आणि एसटीच्या भाड्याची सोय मामा करतो.