वायूचं नाव घेण्याआधी

लेकरा, नांदूरघाटहून तू आता तपकिरी बटूंचे, म्हणजे तारा होऊ न शकलेल्या गोलांचे, वर्णपट वाचायला निघालीस. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं नैनितालच्या एरीज संस्थेबरोबर बांधलेलं टॅनस्पेक हे वर्णपटमापक देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवर आहे. त्याचा विदा तुझ्या हाती येईल. वर्णपटात काळा पट्टा दिसला की वायूचं नाव घ्यायची घाई करू नको. आधी एवढं ध्यानात ठेव.

आपली हवा आधी वजा कर. वाफ १.४ आणि १.९ मायक्रॉनला उजेड खाते, तिथली बटूवरचीही आणि इथली आपल्या हवेतलीही. आपल्याकडे श्रावणातली हवा वेगळी, पौषातली वेगळी. डोंगरावर तर रात्रीतच बदलते. म्हणून जवळचा, तेवढ्याच उंचीवरचा पांढरा तारा लगोलग टिपून घे. त्याच्यावरून आपल्या हवेचा वाटा कळतो.

दाब विचार. चुलीच्या जाळात चिमूटभर मीठ टाक. सोडियमचा पिवळा उजेड ५८९ नॅनोमीटरपाशीच दाटलेला असतो. तपकिरी बटूत हायड्रोजनच्या दाबाखाली सोडियम-पोटॅशियमच्या रेषा इतक्या पसरतात की लाल-पिवळा उजेड बराचसा गिळतात. रुंद पट्टा म्हणजे भरपूर वायू, असं समजू नको.

तापमान विचार. हायट्रान ही वायूंच्या रेषांची यादी २९६ केल्विनसाठी. हजार केल्विनला मिथेनच्या असंख्य नव्या रेषा जाग्या होतात. तिथं एक्सोमोल ही तापलेल्या वायूंच्या रेषांची यादी घे.

किती खोलवरचा उजेड आहे, तेही बघ. सुट्टीला आलीस की गच्चीवरून ८८९ नॅनोमीटरचा फिल्टर लावून गुरूचा फोटो काढ. त्या रंगात मिथेन उजेड शोषतो, म्हणून खालचे ढग काळवंडतात, उंचावरचे उजळ दिसतात. मिथेन सगळीकडेच आहे. फरक ढगांच्या उंचीचा.

एका पट्ट्यावर निकाल देऊ नको. १.६ मायक्रॉनला मिथेन वाटला तर २.२ लाही शोध. १९९५ साली ग्लीझ २२९बी या तपकिरी बटूत तो सापडला आणि हा तारा नव्हे, हे पक्कं झालं; ताऱ्याच्या उष्णतेत कार्बन मिथेनऐवजी कार्बन मोनॉक्साइडच्या रूपात राहतो.

आणि इतकं तपासूनही वहीत जागा मोकळी ठेव. त्याच ग्लीझ २२९बी मध्ये एक नाही, दोन तपकिरी बटू आहेत, हे २०२४ साली कळलं. मिथेन खरा होता; तो दोघांचा होता.