हिवाळी वाहतूक : धुके, वारा आणि आपली ऊसगाडी



गळीत हंगाम आणि हिवाळा ही जोडी आपल्या पाचवीलाच पुजलेली आहे. कार्तिकात बॉयलर पेटतो आणि शिमग्यापर्यंत रात्रंदिवस ऊस रस्त्यावर असतो. बेणे, खत, पाणी यांविषयी आपण पुष्कळ बोलतो; पण फडातून निघालेला ऊस गव्हाणीत पडेपर्यंत मधे जो रस्ता आहे, त्याविषयी फारसे बोलत नाही. या अंकात त्याच रस्त्याचा विचार करू या. ट्रक असो, डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर असो की बैलगाडी, त्यावरचा माल आपला आहे आणि त्याच रस्त्याने आपलीच पोरे मोटारसायकलवरून येजा करतात.

आपल्याकडचा हिवाळा कसा असतो?

युरोप-अमेरिकेत, किंवा आपल्याच हिमाचल-काश्मिरात, हिवाळा म्हटला की रस्त्यावर बर्फ. आपल्याकडे बर्फ नाही, म्हणून धोका नाही असे मात्र नाही. नांदेड शहर गोदावरीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटरवर आहे. लोहा, अहमदपूर, चाकूर असा राष्ट्रीय महामार्ग ३६१ धरून लातूरला गेलो की आपण बालाघाटाच्या पठारावर, सुमारे ६३० मीटरवर येतो. एकाच खेपेत नदीकाठचा सखल भाग लागतो आणि उघडे माळरानही. दोन्हीकडची हवा निराळी.

रात्र निरभ्र असली आणि वारा पडला की जमीन झपाट्याने गार होते. गोदावरी, मांजरा, मन्याड, तेरणा यांच्या काठी, तलावाजवळ, आणि पाणी दिलेल्या उसाच्या पट्ट्यात हवेत ओल असतेच. पहाटे तिचे धुके होते आणि ते खोलगट जागी, पुलाजवळ, ओढ्यात साचून राहते. माळावर लख्ख दिसत असते आणि उताराला लागले की गाडी एकदम कापसात शिरल्यासारखी होते. त्यातून डिसेंबरात सहाच्या आतच सूर्य मावळतो. म्हणजे गाडीचा निम्म्याहून अधिक दिवस अंधाराचाच.

धुक्यात खरा धोका मागून

उसाची ट्रॉली हळू चालते, म्हणून ती निर्धोक, असा आपला समज आहे. जरा हिशेब करून बघा. ट्रॅक्टर ताशी २५ किलोमीटरने चालला आहे आणि मागून मोटारसायकल ताशी ६० ने येते आहे. धुक्यात ५० मीटरपर्यंतच दिसते. चालती ट्रॉली दिसल्यापासून धडकेपर्यंत त्या पोराला सुमारे ५ सेकंद मिळतात. तीच ट्रॉली पंक्चर होऊन उभी असेल तर फक्त ३ सेकंद. त्यातला एक-दीड सेकंद तर समोर काय आहे हे कळून पाय ब्रेकवर जाण्यातच जातो. उरलेल्या वेळात ओल्या रस्त्यावर मोटारसायकल थांबत नाही. म्हणजे दिसणे हेच या ऋतूतले पहिले संरक्षण आहे.

रिफ्लेक्टर लावलेला असतो, पण वरून उसाची टोके आणि पाचट लोंबत असते. दिवा आहे, पण तो झाकलेला. मग तो असून नसल्यासारखाच. भरणी झाली की मागे जाऊन दहा पावलांवरून बॅटरी मारून बघावे. मागे लाल, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी पट्टी, तिन्ही चमकल्या पाहिजेत. डबल ट्रॉलीत मागच्या ट्रॉलीची पट्टी सर्वांत महत्त्वाची. मागून येणाऱ्याला तीच दिसते. चिखल-धूळ रोज ओल्या फडक्याने पुसावी. पोते बांधून पट्टीचे काम भागत नाही.

चालकाने धुक्यात लाईट डिपरवर ठेवावा. अप्पर मारला की उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. काचेला आतून बाष्प धरते, तेव्हा खिडकी थोडी उघडी ठेवावी. आणि टेपचा आवाज बंद. धुक्यात डोळ्यांचे निम्मे काम कानांना करावे लागते. मागचा हॉर्न ऐकूच आला नाही तर बाजू कशी देणार?

वारा कुठे गाठतो?

धुके आणि जोराचा वारा सहसा एकत्र येत नाहीत. वारा सुटला की धुके विरते. वाऱ्याचा त्रास होतो तो आभाळ भरून येते तेव्हा, आणि पुढे माघ-फाल्गुनात. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस व मार्चमध्ये मराठवाड्यात झालेली गारपीट कोणी विसरले नसेल. ऐन वाहतुकीच्या दिवसांतच ते संकट आले होते.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की गाडीवरचा त्याचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. उंच भरलेल्या उसाची बाजू म्हणजे एक भिंतच. भार जितका उंच तितकी गाडी कलंडायला सोपी. पण लक्षात घ्या, परतीची रिकामी ट्रॉली आणि बगॅसचा ट्रक यांनाही वारा सोडत नाही. आकार मोठा आणि वजन कमी, म्हणून मागचा भाग हेलकावे खातो. झाडांची रांग संपते ती जागा, पुलाचा मध्य आणि मोठी बस शेजारून जाते तो क्षण, हे तीन ठिकाणी धक्का बसतो. तिथे पोचण्याआधीच वेग कमी करावा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावे, एकदम वळवू नये. वादळ-गारांची चिन्हे दिसली तर गाडी रस्त्यापासून दूर, घट्ट जमिनीवर उभी करावी. झाडाखाली किंवा विजेच्या तारांखाली नको.

काळी माती आणि ब्रेक

फडातून निघालेल्या चाकांबरोबर काळी माती डांबरी रस्त्यावर येते. दिवसा ती धूळ असते, पहाटे दव पडले की तिचेच तेल होते. फडाच्या तोंडाशी चाके खरडून गाडी काढावी आणि रस्त्यावर पडलेली ढेकळे फावड्याने बाजूला करावीत. पाच मिनिटांचे काम, पण कोणाचा तरी पाय वाचतो. साईडपट्टी ओली असेल तर भरल्या गाडीचे चाक तिच्यावर घालू नये. एक बाजू खचली की गाडी आडवी व्हायला वेळ लागत नाही.

ट्रॅक्टरला उजव्या-डाव्या चाकाचे ब्रेक निराळे असतात. शेतात वळायला ते सोयीचे. रस्त्यावर मात्र दोन्ही पायंड्या खिट्टीने जोडल्याच पाहिजेत. नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर फिरतो आणि मागची ट्रॉली त्याला ढकलते. उताराला लागण्याआधीच लहान गिअर टाकावा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणे म्हणजे मरणाला बोलावणे. वेग निम्मा केला तर ब्रेक लागल्यानंतर गाडी सुमारे पाव अंतरातच थांबते, हे प्रत्येक चालकाने मनात ठेवावे.

गाडी बंद पडली तर

शक्य तितकी रस्त्याबाहेर घ्यावी. मागे शंभर पावलांवर परावर्तक त्रिकोण ठेवावा आणि एक माणूस रस्त्याच्या कडेला, डांबरावर नव्हे, बॅटरी घेऊन उभा करावा. आपल्याकडे दगड लावण्याची रीत आहे. गाडी निघून जाते आणि दगड तिथेच राहतात. अंधारात दुचाकीस्वाराला तो दगड ट्रॉलीइतकाच घातक. ही रीत सोडू या. थंडीत तोडणी कामगारांची बायका-मुले उसावर बसून प्रवास करतात, तेही थांबले पाहिजे. त्यांची निराळी सोय करणे हे मुकादमाचे, वाहतूकदाराचे आणि आपल्या सर्वांचे काम आहे.

अपघात झालाच तर रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक आहेत. जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. तेव्हा 'नसती भानगड नको' म्हणून पुढे जाऊ नका. त्याच कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. गाडीबाहेर आलेल्या मालालाही २०,००० रुपयांचाच दंड सांगितला आहे.

घाई कोणाची?

चालक घाई करतो, हे खरे. पण त्याला घाई लावतो कोण? त्याची मिळकत खेपांवर असते. चिटबॉय निरोप धाडतो, मुकादम हाकारतो आणि फडाच्या बांधावरून आपणही विचारतो, "गाडी अजून गेली कशी नाही?" तोडलेला ऊस लवकर गाळावा हे बरोबरच आहे, वेळ गेला की वजन आणि उतारा दोन्ही घटतात. पण ही घट उन्हाळ्याच्या तापात जशी होते तशी पहाटेच्या गारव्यात होत नाही. धुके सहसा सूर्य वर आला की दोन-तीन तासांत फाकते. तेवढा वेळ गाडी फडातच थांबली तर उसाचे फारसे बिघडत नाही. धुक्यात ती काढली तर मात्र एखाद्या घराचे कायमचे बिघडू शकते.

म्हणून आमचे सभासदांना सांगणे एवढेच, की धुक्याच्या पहाटे चालकाला आपण होऊन म्हणावे, "थांब बाबा, उजाडू दे, चहा घे." मालकच थांब म्हणाला तर चालकावरचा भार हलका होतो. गाडी निघण्यापूर्वी मागे जाऊन पट्टी बघण्याचे कामही ऊस ज्याचा त्यानेच करावे. गट कार्यालयानेही धुक्यामुळे मागे राहिलेल्या गाडीचा नंबर जाऊ नये अशी व्यवस्था ठेवावी. नंबर जाणार नाही याची खात्री असेल तरच माणूस थांबतो.

ऊस आज नाही तर दुपारी काट्यावर जाईल. माणूस मात्र संध्याकाळी घरी पोचलाच पाहिजे.