नाव तुमचं, माल त्यांचा

पुण्यातल्या छोट्या दुकानदारांसाठी मी फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिराती लावून देते. म्हणजे गल्ल्याच्या आतल्या बाजूला बसते. तिथून जे दिसलं, ते हे.

१. ओळखीवर माल खपतो.
तुळशीबागेतल्या कुठल्याही दुकानदाराला हे पाठ आहे. 'तुमच्या जाऊबाई हीच घेऊन गेल्या' म्हटलं की निम्मी घासाघीस संपते. फेसबुकने जानेवारी २०११ मध्ये याचंच यंत्र बनवलं, 'स्पॉन्सर्ड स्टोरीज'. तुम्ही एखाद्या कंपनीचं पान लाइक केलंत की तुमचं नाव आणि फोटो लावून तिची जाहिरात तुमच्या मित्रांना दिसायची. पैसे फेसबुकला, ज्याच्या नावावर माल खपला त्याला छदामही नाही. अशी जाहिरात साध्या जाहिरातीपेक्षा दुप्पट-तिप्पट मोलाची, हे कंपनीच्याच वरिष्ठांचं म्हणणं पुढे कोर्टाच्या कागदांत आलं.

२. यंत्राला थट्टा कळत नाही.
२०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका गृहस्थाला ॲमेझॉनवर शयनगृहात वापरायच्या वंगणाचं चक्क ५५ गॅलनचं पिंप विकायला दिसलं. दोनशे लिटरच्या वर! व्हॅलेंटाइन डेच्या निमित्ताने त्याने खवचट शेरा मारून ती लिंक टाकली. थोड्याच दिवसांत तोच शेरा, त्याच्या फोटोसकट, जाहिरात म्हणून त्याच्या मित्रमंडळींसमोर झळकला. 'गार्डियन'च्या एका पत्रकाराने आपल्याला आलेल्या धमकीच्या ईमेलचा स्क्रीनशॉट इन्स्टाग्रामवर टाकला होता. पुढे २०१७ मध्ये इन्स्टाग्रामने तो स्वतःच्याच जाहिरातीसाठी उचलला. त्या पोस्टवर प्रतिक्रिया आल्या होत्या, यंत्राला तेवढं पुरतं. टोमणे मारण्यात हयात गेलेल्या आम्हा पुणेकरांनी तर जपूनच राहावं.

३. विचारलं तर माणसं सहसा 'हो' म्हणतात.
माझं एक गिऱ्हाईक पैठणीवाले आहेत. ग्राहक बायका साडी नेसून फोटो टाकतात, दुकानाला टॅग करतात. "मॅडम, त्यांनीच टाकलाय ना जगासमोर? मग आपण बूस्ट करायला काय हरकत?" हरकत मी घेते. आधी एका ओळीचा मेसेज: 'तुमचा फोटो जाहिरातीत वापरू का?' बहुतेक जणी खूश होतात. एकीचं उत्तर आलं, 'फोटो खुशाल घ्या, फक्त खाली किंमत टाकू नका. घरी निम्मी सांगितलीय.' आम्ही किंमत काढली. साड्या तरीही गेल्या.

४. 'माझे फोटो वापरायला मी फेसबुकला परवानगी देत नाही' हा मेसेज पुढे ढकलू नका.
त्याने काडीचाही फरक पडत नाही. खातं उघडताना मान्य केलेल्या अटी अशा फलकबाजीने रद्द होत नाहीत. त्यापेक्षा सेटिंग्जमध्ये जाऊन 'ॲड प्रेफरन्सेस' उघडा आणि जाहिरातीशेजारी तुमचं नाव कुणाला दिसावं, ते ठरवा.

५. खटल्याने धंदा थांबत नाही.
स्पॉन्सर्ड स्टोरीजवर कॅलिफोर्नियात खटला झाला. २०१३ मध्ये २ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि दावा करणाऱ्यांच्या हातावर साधारण १५-१५ डॉलर पडले. २०१४ मध्ये ती योजना गुंडाळली गेली. पण फेसबुकवर तुम्ही जे काही करता त्याची माहिती, तुमचं नाव आणि फोटो जाहिरातींसोबत विनामोबदला वापरायची परवानगी फेसबुकच्या अटींमध्ये आजही आहे. गूगलनेही २०१३ मध्येच रिव्ह्यू लिहिणाऱ्यांची नावं-चेहरे जाहिरातींत घ्यायचं जाहीर केलं. तेव्हा चिडलेल्या कित्येकांनी आपल्या प्रोफाइलला गूगलचेच अध्यक्ष एरिक श्मिट यांचा फोटो लावला. हा निषेध मला फार आवडला.

६. जाहिरातींच्या कामी यायला आता पोस्ट टाकायचीही गरज उरलेली नाही.
१६ डिसेंबर २०२५ पासून फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा, तिच्या एआयशी तुम्ही जे बोलता, त्यावरूनही तुम्हाला कुठल्या जाहिराती दाखवायच्या ते ठरतं. युरोपीय संघ, ब्रिटन आणि दक्षिण कोरिया यांना सुरुवातीला वगळलं, भारताला नाही. पैठणीवाल्यांना हे सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे कुणी मुलीच्या लग्नाबद्दल काही विचारलं, की आपली साडी हजर?"

पुढच्या महिन्यासाठी त्यांनी बजेट वाढवून दिलंय.