‘नीफा’ : एक आयरिश विशेषण

सेंट पॅट्रिकच्या नांवांतील ‘सेंट’ ह्या शब्दास आयर्लंडच्या मूळ भाषेंत काय म्हणतात, असा प्रश्न वर्गांत निघाला. आम्हीं ‘नीव’ असें सांगितलें, आणि ‘पवित्र’ ह्या अर्थाचें तेथील विशेषण ‘नीफा’ हेंही तेंच, असें घाईनें म्हणून गेलों. पुढच्या तासास तें मागें घ्यावें लागलें.

मराठींत ‘चांगला’ हें विशेषण नामाप्रमाणें बदलतें. ‘पवित्र’ बदलत नाहीं. पवित्र ग्रंथ, पवित्र नदी, पवित्र स्थानें. आयरिश भाषेंतही असाच भेद आहे. तेथें विशेषण बहुधा नामामागून येतें. मोठा पुरुष म्हणजे ‘फॅर मोर’. परंतु मोठी स्त्री ‘बॅन वोर’, कारण स्त्रीलिंगी नामानंतर विशेषणाचें पहिलें व्यंजन मृदु होऊन ‘म’ चा ‘व’ होतो. मोठे पुरुष म्हणजे ‘फिर वोरा’. आतां ‘नीफा’ पाहा : फॅर नीफा, बॅन नीफा, फिर नीफा. ‘न’ चें मृदुत्व लेखनांत दाखवीत नाहींत, आणि शब्द स्वरान्त असल्यामुळें पुढें कांहीं जोडलें जात नाहीं. ‘अधिक पवित्र’ म्हणावयाचें झालें तरी ‘नीस नीफा’ एवढेंच. (मन्स्टर प्रांतांत ‘नेफा’ म्हणतात.)

‘नीव’ हा त्याहून जुना शब्द. पूर्वीं तोच विशेषण होता. पुढें तो साधुसंतांची पदवी झाला, व ‘नीव पाड्रिग’ असा नांवाच्या आधीं येऊं लागला. त्यासच प्रत्यय लागून ‘नीफा’ बनला. जुन्या लेखनांत त्यांत ‘व’ व ‘ह’ ह्या ध्वनींचीं अक्षरें दिसत. उच्चारांत तीं मिळून ‘फ’ झालीं, आणि विसाव्या शतकांतील लेखनसुधारणेनंतर तो ‘फ’ लिहूं लागले.

येथेंच आमची चूक होती. एखाद्या घरांतील प्रार्थनाशील वृद्ध आजीस ‘बॅन नीफा’ म्हणतां येतें; तिच्या नांवामागें ‘नीव’ मात्र कोणी लावणार नाहीं. एक शब्द गुण सांगतो, दुसरा पदवी देतो. आमच्या ‘पवित्र’ व ‘संत’ ह्यांतही तेंच अंतर आहे, हें आम्हांस आधींच सुचावयास हवें होतें.

1981 सालीं मेनूथ येथें निघालेल्या आयरिश बायबलाच्या नांवांत ‘नीफा’ आहे. पवित्र आत्म्यास मात्र अजून ‘स्पिरद नीव’ असेंच म्हणतात. तेथें जुनें विशेषण टिकलें, आणि त्याचा विकारही टिकला : पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्यांच्या नामानें प्रार्थना करतांना तें षष्ठींत येतें, त्याच्या लेखनांत एक इकार वाढतो, व शेवटचा ‘व’ तालव्य होतो.