एकाच घरात दोन प्रश्न : कमी वजन आणि जास्त वजन



कुपोषण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हडकुळी माणसे येतात. लठ्ठपणा मात्र मोठ्या शहरांतला, खाऊनपिऊन सुखी लोकांचा प्रश्न, असे आपण धरून चालतो. हे दोन्ही समज आज आपण आकड्यांवर तपासून पाहू.

आधी माप समजून घेऊ. वजन योग्य आहे की नाही, हे नुसत्या काट्यावरून कळत नाही. उंचीही पाहावी लागते. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो, त्याला बीएमआय म्हणतात. समजा, उंची १.५ मीटर आणि वजन ४५ किलो आहे. १.५ × १.५ = २.२५ आणि ४५ ÷ २.२५ = २०. हा आकडा १८.५ पेक्षा कमी असेल तर वजन कमी, २५ किंवा अधिक असेल तर जास्त, आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा समजतात. हे निकष मोठ्या माणसांचे आहेत. वाढत्या मुलांसाठी वयाप्रमाणे वेगळे तक्ते असतात.

आता देशाकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्री-पुरुषांची उंची व वजन मोजतात. २००५-०६ मध्ये ३५.५ टक्के स्त्रियांचे वजन कमी होते. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण १८.७ टक्क्यांवर आले. ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याच काळात जास्त वजनाच्या स्त्रिया १२.६ वरून २४ टक्के झाल्या आणि पुरुष ९.३ वरून २२.९ टक्के. म्हणजे देशात आता कमी वजनाच्या माणसांपेक्षा जास्त वजनाची माणसे अधिक आहेत.

आपल्या मध्य प्रदेशात मात्र पारडे अजून फिरलेले नाही. २०१९-२१ मध्ये येथील २३ टक्के स्त्रियांचे वजन कमी आणि १६.६ टक्के स्त्रियांचे जास्त होते. येथे सरासरीने फसू नये. एकाचा बीएमआय १६ आणि दुसऱ्याचा २८ असेल, तर सरासरी २२, म्हणजे अगदी ठीक दिसते; प्रत्यक्षात दोघांनाही मदत हवी असते. आपल्या बिरसा तहसिलीत जंगलाकाठच्या बैगा-गोंड वस्त्या आहेत आणि मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीची वसाहतही आहे. सर्वांना एकच सल्ला लागू पडणार नाही.

आणखी एक गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३ होता. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. हे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत जन्मलेली बाळेही वजनाने कमी, पण त्या मानाने चरबीने अधिक असल्याचे याज्ञिकांच्या अभ्यासात दिसले. अशी मुले मोठेपणी वजनाने वाढली की मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणूनच भारतीयांनी २३ च्या पुढेच सावध व्हावे आणि पोटाचा घेरही पाहावा : पुरुषांचा ९० व स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत.

यावरून कळते की हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. आज आईच्या ताटात कमी पडले, तर त्याचा हिशेब तिच्या मुलाच्या चाळिशीत मोजावा लागतो. पुष्कळ घरांत आई सर्वांत शेवटी, उरलेले जेवते. ही रीत बदलणे पैशाचे काम नाही, मनाचे आहे. भाताच्या ढिगाबरोबर डाळ, हरभरा, पालेभाजी वाढावी; कोदो-कुटकी हे गरिबांचे अन्न म्हणून टाकून देऊ नये; तळलेले व गोड सणापुरते ठेवावे; मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत असावे. आणि जवळच्या कामाला पायी जावे.

स्वाध्याय :
१. घरातील मोठ्या माणसांचा बीएमआय त्यांच्या संमतीने काढा.
२. आठवडाभर घरात कोण केव्हा जेवते आणि ताटात डाळ-भाजी किती असते, याची नोंद ठेवा.
३. वहीतील आकडे घरातच ठेवा. कोणाच्याही अंगलटीवरून कोणाला चिडवू नका. माप हे काळजी घेण्यासाठी असते, हसण्यासाठी नव्हे.