पुजारी नाही, तरी प्रार्थना होते : बेने इस्रायलींची गोष्ट

वेगवेगळ्या धर्मांची प्रार्थनास्थळं शिकवताना मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा, विहार इथपर्यंत आपण नीट येतो. सिनेगॉग आलं की एका ओळीत उरकतो. इकडे यवतमाळात मुलांनी ते पाहिलेलं नसतं, हे खरं. पण मराठी बोलणारे ज्यू आपल्याच राज्यातले. त्यांना बेने इस्रायली म्हणतात. कोकणात ते घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आडनावंही गावांवरून पडलेली: दिवेकर, पेणकर, किहीमकर.

मुलांना सांगावी अशी गोष्ट पुढे आहे. रब्बी म्हणजे ज्यूंचा धर्मशास्त्र शिकलेला गुरू. या समाजात पिढ्यानपिढ्या रब्बी नव्हता, हिब्रू पोथ्याही नव्हत्या. 'शेमा' ही प्रार्थना, शनिवारची विश्रांती, सुंता आणि काही सण एवढं घराघरांतून टिकलं.

आणि गंमत म्हणजे, ज्यूंच्या सामूहिक प्रार्थनेला रब्बी लागतच नाही. लागतात ती दहा माणसं, तेरा वर्षं पूर्ण झालेली, परंपरेने पुरुष. या दहांना 'मिन्यान' म्हणतात. त्यांच्यापैकी ज्याला प्रार्थना वाचता येते तो पुढे उभा राहतो. आपल्याकडे गावात संध्याकाळी तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना गावातलाच कोणी सुरू करून देतो ना, मुलांना तेच उदाहरण द्यावं. लगेच कळतं.

या समाजाचं मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली मांडवी भागात उभं राहिलं. ते बांधलं सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी, आणि ते होते फौजेतले अधिकारी. कारभार बघायला मुकादम, पैसे सांभाळायला गब्बाय, सगळे समाजातलेच. प्रार्थना म्हणणाऱ्याला हझ्झान म्हणतात. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून आलेल्या ज्यूंनी हे काम इथे केलं आणि शिकवलंही. काही ठिकाणी हझ्झानला मानधन असतं, पण तो नसला म्हणून प्रार्थना अडत नाही.

अडते ती वाचता येत नसलं तर. म्हणून मला यात सर्वात मोठा माणूस वाटतो तो एक मुख्याध्यापक! जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) मुंबईच्या डेव्हिड ससून शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. ज्याला हिब्रूचा अर्थ लागत नव्हता, त्याला आपण काय म्हणतोय ते मराठीतून कळू लागलं.

"मग मुलींचं काय?" हा प्रश्न वर्गात येणारच. तो टाळू नका. मुंबईच्या डॉक्टर जेरुशा झिराड यांनी १९२५ मध्ये ज्यूइश रिलिजियस युनियन ही उदारमतवादी संस्था सुरू केली. त्या स्त्रीरोगतज्ज्ञ, धर्मगुरू नव्हेत.

पालकांनो, शिक्षकहो, आपला परिपाठ आठवा. प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या वर्षभर तीच चार हुशार पोरं म्हणतात. बाकीची ओठ हलवतात. दहातला कोणीही उभा राहू शकेल असं व्हायचं, तर दहाही जणांना मोठ्याने वाचता यायला हवं. अडखळत का होईना. नावं पाळीने लावा, आणि घरी दोन दिवस आधी सराव करून घ्या.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायली इस्रायलला गेले. आता कोकणातल्या अनेक सिनेगॉगमध्ये दहा माणसं जमणं कठीण झालंय. नऊ आले तर मृतांसाठीची 'कद्दिश' म्हणता येत नाही, तोराचं जाहीर वाचनही होत नाही. वाचणारा हजर असतो, पण दहाव्याची वाट बघत बसावं लागतं.